युरोपातील रेल्वेचे तिकीट : परदेशी जाणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

परभणी जिल्ह्यातील आपली मुले आता शिक्षणासाठी औरंगाबाद, पुणे, मुंबईवरच थांबत नाहीत. राज्य शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ७५ जागा असतात. त्या जोरावर गावखेड्यातील, वाड्यावस्तीवरील मुलेमुली लंडनला, जर्मनीला, नेदरलँड्सला पोचू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे.

आम्ही गेली काही वर्षे अशा मुलांचे अर्ज भरून देण्याचे, कागदपत्रे जुळवून देण्याचे काम फावल्या वेळात करतो. पालक प्रवेशाची चौकशी करतात, व्हिसाची करतात, थंडीच्या कपड्यांची करतात. तिकडे एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे कसे, हे मात्र कोणी विचारत नाही. "रेल्वेचे तिकीट काढायला काय लागते?" असे सर्वांना वाटते. पण २०२५ च्या अखेरीस एक युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला आहे. शिष्यवृत्तीची रक्कम हप्त्याने येते आणि पहिले महिने ओढाताणीचे असतात. अशा वेळी चुकीचे काढलेले एक तिकीट आठवड्याच्या जेवणाचे पैसे खाऊन टाकते. म्हणून हा लेखप्रपंच.

आपले गणित आणि त्यांचे गणित

परभणीहून मुंबईला देवगिरीने किंवा नंदीग्रामने जायचे तर आपले गणित ठरलेले असते. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते (१ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस होते). स्लीपरचे साधे भाडे पहिल्या दिवशी काढा की आदल्या आठवड्यात, तेवढेच. प्रश्न एकच, जागा मिळेल का? मग वेटिंग, आरएसी, आणि शेवटी सकाळी अकराला तत्काळच्या खिडकीवर नशीब.

युरोपात हे गणित उलटे आहे. तिथे वेटिंग नाही, आरएसी नाही, तत्काळचा कोटाही नाही. लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांची थोडी तिकिटे सुरुवातीला स्वस्तात सुटतात, ती संपली की दर चढत जातो. विमानासारखाच प्रकार. त्यामुळे तिथला प्रश्न "मिळेल का" हा नसून "कितीला मिळेल" हा आहे. "बघू, शेवटी तत्काळ काढू" ही आपली सवय तिथे महागात पडते, कारण अशा गाड्यांचे शेवटच्या दिवसाचे तिकीट सहसा सर्वांत महाग असते. तारीख ठरली की त्याच दिवशी तिकीट काढावे.

आपल्या पॅसेंजरसारख्या ज्या जवळच्या गाड्या असतात, त्यांचे भाडे मात्र बहुधा ठरलेले असते. त्यांत जागा राखून ठेवण्याची भानगड नाही. त्यांच्यासाठी महिनाभर आधी धावपळ करण्याचे कारण नाही. तेव्हा सर्वप्रथम गाडी जलद आहे की स्थानिक, एवढे ओळखावे. निम्मे काम तिथेच होते.

लंडन ते बॉन

उदाहरणासाठी आपल्या ओळखीचा एक मार्ग घेऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. त्याच मुक्कामाच्या काळात त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव नोंदविले होते. त्या वेळी इंग्लंडमधून युरोपच्या मुख्य भूमीवर जायचे तर खाडी बोटीने ओलांडावी लागे. समुद्राखालचा बोगदा १९९४ साली सुरू झाला. आज हाच प्रवास एका दिवसात रेल्वेने होतो.

त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकातून युरोस्टार गाडीने ब्रुसेल्स, सुमारे दोन तास. दुसरा ब्रुसेल्स ते कोलोन, जवळपास तेवढाच वेळ. तिसरा कोलोन ते बॉन, अर्ध्या तासाच्या आत. पहिल्या टप्प्यात जागा राखल्याशिवाय गाडीत चढताच येत नाही आणि दर रोज बदलतो. तिसऱ्या टप्प्यातील स्थानिक गाडीचे तिकीट स्थानकावरच्या यंत्रातून त्याच दिवशी काढले तरी चालते. प्रवास एकच, पण नियम वेगवेगळे.

शक्यतो संपूर्ण प्रवासाचे तिकीट एकत्र काढावे. गाडीला उशीर होऊन पुढची गाडी चुकली, तर एकाच तिकिटावर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. तीन सुटी तिकिटे तीन ठिकाणी काढली असतील, तर भुर्दंड आपल्याच खिशाला बसू शकतो. सुटी काढायचीच असतील, तर मध्ये भरपूर वेळ ठेवावा.

परभणीच्या कृषी विद्यापीठातील पदवीधरांना नेदरलँड्समधील वागेनिंगनचे नाव ठाऊक असते. त्या गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक नाही. एडे-वागेनिंगन येथे उतरून पुढे बस पकडावी लागते. नेदरलँड्समधील देशांतर्गत गाड्यांत सहसा आरक्षण नसते. स्थानकात शिरताना यंत्राला कार्ड लावायचे आणि बाहेर पडताना पुन्हा लावायचे. बाहेर पडताना विसरले की जास्तीचे पैसे कापले जातात.

स्वस्त तिकिटाच्या अटी

आम्ही पेशाने कारकून. कोणत्याही कागदावरची बारीक अक्षरे आधी वाचायची, ही आमची खोड. तीच येथे उपयोगी पडते. जर्मनीत स्वस्त तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते. स्वतःच्या चुकीने ती गाडी हुकली आणि पुढच्या जलद गाडीत बसलो, तर ते तिकीट तिथे चालत नाही. विनातिकीट प्रवासाला तिथे किमान ६० युरो मोजावे लागतात. आणखी एक, जर्मनीतील आयसीई गाडीचे तिकीट म्हणजे जागा नव्हे. जागा हवी तर वेगळे पैसे देऊन राखावी लागते. फ्रान्सच्या टीजीव्ही गाडीत मात्र तिकिटाबरोबरच जागा ठरते.

शहरांची व स्थानकांची नावेही नीट पाहावीत. कोलोनला जर्मन भाषेत क्योल्न म्हणतात. इटलीतील फ्लॉरेन्सचे तिकीट फिरेंझे या नावाने असते. पॅरिसमध्ये तर मोठी स्थानके अनेक आहेत. लंडनची गाडी गार द्यू नोर या स्थानकावर येते आणि दक्षिण फ्रान्सची गाडी सहसा गार द लियों येथून सुटते. मध्ये शहर ओलांडावे लागते. दादरला उतरून बोरीबंदरची गाडी धरण्यासारखेच ते.

सवलती आणि पास

विद्यार्थ्यांनी सवलतीचे कार्ड आधी काढावे. इंग्लंडमध्ये १६ ते २५ वयासाठीच्या रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर त्याहून जास्त वयातही ते कार्ड मिळते. नोकरी करून उशिरा शिकायला गेलेल्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. जर्मनीत 'डॉइचलांड तिकीट' हा मासिक पास आहे. १ मे २०२३ रोजी तो ४९ युरोला सुरू झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो झाला. त्यावर देशभरातील स्थानिक गाड्या व शहर बसने फिरता येते, जलद गाड्यांनी नाही. तो आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावे लागते. बऱ्याच विद्यापीठांतून विद्यार्थ्यांना तो कमी दरात मिळतो, तेव्हा आधी तिथे विचारावे.

मुलाच्या पदवीदान समारंभाला जाणाऱ्या आईवडिलांसाठी अनेक देशांत चालणारा युरेल पास आहे. तो युरोपाबाहेर राहणाऱ्यांना मिळतो. युरोपात राहणाऱ्यांसाठी तसाच पास इंटररेल या नावाने आहे. पण एखाददुसरा प्रवास करायचा असेल तर पास परवडतोच असे नाही. शिवाय कित्येक जलद गाड्यांत पास असूनही जागेचे पैसे वेगळे लागतात. दोन्हींचा हिशेब कागदावर मांडावा आणि मगच पैसे भरावेत.

निघण्यापूर्वी

तिकिटावरील नाव पासपोर्टप्रमाणेच असावे. आपल्याकडे दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे, असा घोळ घरोघरी असतो. इथेच तो मिटवून घ्यावा. बँकेच्या नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात, ते निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावेत. दलालाच्या संकेतस्थळावर जादा आकार लागू शकतो, म्हणून तिकीट शक्यतो त्या त्या रेल्वेच्या अधिकृत ठिकाणीच काढावे.

व्हिसाची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लंडनला शिकणाऱ्या मुलीला पॅरिसला जायचे तर इंग्लंडचा व्हिसा पुरत नाही, शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. जर्मनीत शिकणाऱ्याला लंडनला जायचे तर इंग्लंडचा वेगळा लागतो. तिकीट हातात आहे म्हणून कोणी सोडत नाही. लंडनच्या स्थानकातच पासपोर्ट तपासतात, म्हणून युरोस्टारसाठी तास-सव्वा तास आधी पोचावे. लंडन व ब्रुसेल्सच्या घड्याळांत एक तासाचा फरक आहे, हेही विसरू नये.

गाडीला उशीर झाला तर गप्प बसू नये. आपल्याकडे गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि आपण प्रवास केला नाही, तर टीडीआर भरून पूर्ण पैसे परत मागता येतात. आपल्यातील किती जण ते मागतात? युरोपीय संघाच्या नियमांप्रमाणे पोचायला एक ते दोन तास उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के, आणि दोन तास वा अधिक झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते. वादळासारखी काही कारणे वगळली आहेत. त्यासाठी तिकीट जपून ठेवावे व अर्ज करावा. अर्ज न करणाऱ्याला सहसा कोणी घरी आणून देत नाही.

आपल्या मागच्या पिढीला परभणीच्या आरक्षण खिडकीवरचा फॉर्म दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागे. आज त्याच घरातील मुले चार देशांच्या रेल्वेचे नियम वाचू शकतात. ते त्यांनी जरूर वाचावेत, आणि मागाहून जाणाऱ्या धाकट्या भावंडांना समजावून सांगावेत.