शेतीच्या सरकारी योजना: रत्नागिरीतले पाच गैरसमज

हापूसला मोहोर कधी फुटेल हे सांगणारे रत्नागिरीत घरोघरी भेटतात. कोणत्या योजनेचा अर्ज कुठे आणि कधीपर्यंत भरायचा, हे सांगणारे मात्र विरळा. मंडणगडपासून राजापूरपर्यंत योजना लागू आहेत. त्या बांधापर्यंत पोहोचत नाहीत त्याला वाडीवाडीत पक्के झालेले काही समजही कारणीभूत आहेत.

गैरसमज १: योजना घाटावरच्या मोठ्या शेतकऱ्यांसाठी असतात.

फळबागेच्या बाबतीत कोकणाला उलट सवलतच आहे. २०१८-१९ मध्ये सुरू झालेल्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत राज्यात इतरत्र किमान २० गुंठे आणि कमाल ६ हेक्टर अशी मर्यादा आहे. कोकणात ती १० गुंठ्यांपासून १० हेक्टरपर्यंत. खड्डे खोदणे, कलमे लावणे, नांग्या भरणे यांचा खर्च शासन देते, पण एकरकमी नाही. तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के अशी रक्कम मिळते, आणि पुढचा हप्ता कलमे जगली तरच. जमीन तयार करणे शेतकऱ्याकडेच राहते. १९९० साली रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा याच जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या होत्या.

गैरसमज २: सातबारावर भाऊबंदांची नावे असली की अर्ज बाद.

सामाईक जमिनीवर इतर खातेदारांच्या संमतीपत्राने लाभ घेता येतो. कुळाची नोंद असेल तर कुळाची संमती लागते. खरी अडचण वेगळीच असते: आजोबा जाऊन वर्षे लोटली तरी सातबारावर नाव त्यांचेच असते आणि वारस मुंबईत. गणपतीला सगळे चाकरमानी गावी जमतात, तेव्हाच वारस नोंदीचा अर्ज आणि संमतीपत्रांवरच्या सह्या उरकून घेणे सोयीचे. शिवाय २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक बंधनकारक आहे, आणि तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो.

गैरसमज ३: आधी वस्तू घ्यावी, मग बिल दाखवून अनुदान मागावे.

हा समज सर्वांत महागात पडतो. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा, निवड झाल्यावर कागदपत्रे चढवायची, पूर्वसंमती मिळाली की मगच खरेदी करायची. त्याआधीचे बिल चालत नाही. पूर्वी सोडत निघे; २०२५ पासून ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ हे धोरण आहे, म्हणून उशीर केला की क्रमांक मागे जातो. ठिबक आणि तुषार संचासाठी केंद्र आणि राज्याचे मिळून अल्प व अत्यल्पभूधारकांना ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान ठरलेले आहे.

गैरसमज ४: आंब्याचे नुकसान झाले, पंचनामा झाला, म्हणजे विमा मिळणार.

पंचनामा होतो तो नैसर्गिक आपत्तीच्या सरकारी मदतीसाठी. फळपीक विमा हवामानावर आधारित आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावर ठरलेल्या काळात अवेळी पाऊस किंवा कमी-जास्त तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे नोंदले गेले, तरच भरपाई लागू होते. त्यामुळे शेजारच्या मंडळाला रक्कम मिळते आणि इकडे हात रिकामे राहतात, असेही घडते. तुडतुडे किंवा थ्रिप्सने मोहोर गेला तर या विम्यात भरपाई नाही. कोकणातल्या आंबा-काजूसाठी अर्जाची मुदत साधारणपणे ३० नोव्हेंबर असते, म्हणजे मोहोराच्या ऐन तोंडावर. कर्जदार शेतकऱ्यालाही २०२० पासून विमा ऐच्छिक आहे; बँकेने आपोआप काढला असेल असे धरून चालू नये.

गैरसमज ५: इतका पाऊस पडतो, इथे जलसंधारण कशाला?

वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळपास सगळा चार महिन्यांत. तीव्र उतार आणि सच्छिद्र जांभा खडक यांमुळे पाणी झपाट्याने समुद्राकडे निघून जाते, आणि एप्रिल-मेमध्ये वाड्यांवर टँकर फिरतात. म्हणून पाऊस सरताच ओढ्या-वहाळांवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घातले जातात. त्याला पैसा फारसा लागत नाही. गावाचे श्रमदान लागते. मागे अडलेल्या पाण्यावर भाजीपाला निघतो आणि आसपासच्या विहिरींना आधार मिळतो. कातळावर शेततळे घ्यायचे असेल तर प्लॅस्टिकचे अस्तर हवेच. त्याचे अनुदान वेगळे असते आणि त्याचा अर्जही महाडीबीटीवरच करायचा असतो.

सुरुवात गावच्या कृषी सहायकापासून करावी. या पदाचे नाव आता सहायक कृषी अधिकारी आहे. त्यानंतर मंडळ आणि तालुका कृषी कार्यालय. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग स्वतंत्र आहे, त्याच्या योजनाही वेगळ्या. तिथेही चौकशी करावी. जाताना सातबारा, आठ-अ, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक आणि शेतकरी ओळख क्रमांक सोबत ठेवावा, आणि ई-पीक पाहणीत आपल्या बागेची नोंद आहे का ते त्याआधीच तपासावे.