भटक्या प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई खाऊ घालणाऱ्याकडून मिळते का?

नवी दिल्ली : दुचाकीचे आसन कुत्र्यांनी फाडले, मोटारीवर ओरखडे उमटले किंवा सज्जा कबुतरांच्या विष्ठेने खराब झाला, तर त्या प्राण्यांना रोज खाऊ घालणाऱ्या शेजाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च वसूल करता येतो का? देशभरातील गृहनिर्माण संस्थांमध्ये या प्रश्नावरून वारंवार वाद होतात. कायद्यात मात्र त्याचे थेट उत्तर नाही.

ताबा हाच कळीचा मुद्दा

केवळ खाऊ घातल्याबद्दल मालमत्तेच्या नुकसानीची जबाबदारी टाकणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा अस्तित्वात नाही. प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. मात्र त्यासाठी प्राणी आरोपीच्या ताब्यात असावा लागतो. शिवाय हे कलम मानवी जीविताला किंवा गंभीर दुखापतीच्या धोक्यापुरते आहे. फाटलेले आसन त्यात बसत नाही.

२०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम भटक्या कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ मानतात. त्यामुळे वाटीभर दूधभात ठेवणारा आपोआप मालक ठरत नाही. कुत्र्याला रात्री स्वतःच्या आवारात बांधून ठेवणे, त्याच्यावर प्रत्यक्ष नियंत्रण ठेवणे अशा गोष्टी सिद्ध झाल्यास चित्र बदलू शकते.

दिवाणी दाव्याचा मार्ग

निष्काळजीपणा किंवा उपद्रव या तत्त्वांवर दिवाणी न्यायालयात भरपाई मागता येते. नुकसान त्याच प्राण्यांनी केले, ते त्या ठिकाणी खाऊ घातल्यामुळेच जमले आणि असे नुकसान होईल याची संबंधिताला कल्पना होती किंवा असायला हवी होती, हे दावा करणाऱ्याला दाखवावे लागते. कुत्रे अन्न नसतानाही परिसरात वावरतात. म्हणून कार्यकारणसंबंध जोडणे हा सर्वांत अवघड भाग ठरतो.

कबुतरांच्या बाबतीत स्थिती काहीशी वेगळी आहे. एकाच सज्जातून रोज दाणे टाकले जात असतील, तर उपद्रवाचे मूळ दाखवणे तुलनेने सोपे असते. अशा वेळी भरपाईपेक्षा मनाई हुकूम अधिक उपयोगी पडू शकतो. सार्वजनिक उपद्रव असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते.

नियम मोडल्यास बाजू कमकुवत

२०२३ च्या नियमांतील नियम २० नुसार खाऊ घालण्याची जागा ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटना, सदनिकाधारकांची संघटना किंवा स्थानिक संस्थेच्या प्रतिनिधीची आहे. ही जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर असावी लागते. खाऊ घालणाऱ्याने तेथे अस्वच्छता होऊ देऊ नये, असेही बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रस्त्यांवर कुत्र्यांना खाऊ घालण्यास मनाई करून प्रभागनिहाय निश्चित जागा ठरवण्याचे आदेश दिले. ठरलेली जागा सोडून वाहनतळात अन्न टाकणाऱ्याविरुद्ध निष्काळजीपणाचा युक्तिवाद त्यामुळे अधिक बळकट होतो.

न्यायालयांची भूमिका

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालू इच्छिणाऱ्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत, असे म्हटले होते. त्यावर पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. जानेवारी २०२६ मधील सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने कुत्र्यांच्या हल्ल्यांबाबत राज्यांबरोबर खाऊ घालणाऱ्यांनाही उत्तरदायी धरण्याचे तोंडी सूतोवाच केले. तोंडी मत म्हणजे आदेश नव्हे आणि त्याचा रोख मालमत्तेवर नव्हे, तर माणसांना होणाऱ्या इजेवर होता.

पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये इजेच्या प्रकरणांत भरपाईची प्राथमिक जबाबदारी राज्यावर टाकली. दोषी यंत्रणा किंवा खासगी व्यक्तीकडून ती रक्कम वसूल करण्याची मुभाही राज्याला दिली. मुंबईत महापालिकेने कबुतरांना दाणे टाकणाऱ्यांकडून पाचशे रुपये दंड घेतला, तोही नुकसानभरपाई म्हणून नव्हे.

नुकसान झाल्यास काय करावे

छायाचित्रे, सीसीटीव्ही चित्रण व दुरुस्तीची देयके जपून ठेवावीत. संस्थेकडे आणि महापालिकेकडे लेखी तक्रार करावी. पूर्वसूचना देऊनही तोच प्रकार सुरू राहिला, हे नंतर महत्त्वाचे ठरते. वाहनाचा विमा केवळ ‘तृतीय पक्ष’ स्वरूपाचा असेल, तर स्वतःच्या वाहनाचे नुकसान त्यातून भरून निघत नाही. सर्वसमावेशक विम्याच्या अटी तपासून घ्याव्यात.

रागाच्या भरात प्राण्याला ठार मारणे किंवा जायबंदी करणे हा कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा आहे. अशा वेळी नुकसान सोसणारी व्यक्तीच आरोपी ठरू शकते. खाऊ घालण्याची जागा आणि वेळ संस्थेच्या बैठकीत लेखी ठरवून घेणे, हाच न्यायालयाची पायरी टाळणारा व्यवहार्य मार्ग आहे.