मिउरा : एका उतावळ्या सौंदर्याची आठ वर्षे

ट्रॅक्टरांच्या धंद्यावर गबर झालेल्या फेरुच्चो लाम्बोर्गिनी यांनी 1963 साली इटलीतील बोलोन्या शहरानजीक सांत'आगाता या खेड्यात मोटारींचा कारखाना काढला, तेव्हा शर्यती जिंकण्याचा संकल्प त्यांच्या मनात मुळीच नव्हता. वेगवान परंतु सभ्य आणि आरामशीर अशी प्रवासाची गाडी त्यांना हवी होती. मालकाला नको असलेले वाहन त्याच्याच पदरच्या तरुणांनी जन्मास घालावे, ही मिउराच्या कथेतील खरी गंमत.

जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्झानी हे अभियंते आणि गाड्या चालवून पारखणारा न्यूझीलंडचा बॉब वॉलेस यांपैकी एकानेही तिशी गाठली नव्हती. कचेरी सुटल्यावर जागून त्यांनी जो आराखडा सिद्ध केला, त्यात अभियंता बित्सारिनी यांनी मूळ रचलेले आणि पुढे चार लिटरांच्या आसपास वाढविलेले बारा सिलिंडरांचे इंजिन आसनांच्या पाठीमागे, तेही आडवे, बसविले होते. आडव्या मांडणीची ही युक्ती इंग्रजांच्या चिमुकल्या मिनी मोटारीचीच. मात्र तिच्यात सिलिंडर चारच होते! जागेच्या टंचाईपायी इंजिन आणि गिअरबॉक्स यांना एकाच ओतीव कवचात, एकाच तेलावर संसार थाटावा लागला.

फेरुच्चोंनी या तजविजीला मंजुरी दिली ती विक्रीच्या आशेने नव्हे, जाहिरातीपुरती. नोव्हेंबर 1965 मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला गेला. त्यावर कांती चढविण्याचे काम गाड्यांचे देह घडविणाऱ्या बेर्तोने यांच्या कारखान्याकडे आले आणि तेथील सत्तावीस वर्षांच्या मार्चेल्लो गांदिनीने ते अवघ्या काही महिन्यांत तडीस नेले. मार्च 1966 मध्ये जिनिव्हात नारिंगी मिउरा उभी राहिली. उंची जेमतेम साडेतीन फूट. दिवे आकाशाकडे पाहत पहुडलेले, त्यांच्याभोवती काळ्या पापण्या, आणि मागील काचेच्या जागी झडपांची ओळ. प्रेक्षक खुळावले. इंजिनावरचे झाकण मात्र कुलूपबंद होते, कारण आत इंजिनच नव्हते; नुसते वजन भरले होते.

पुढचा सारा काळ या घाईची फेड करण्यात गेला. पेट्रोलची टाकी नाकाशी असल्यामुळे ती रिती होऊ लागली की भरवेगात गाडीचे तोंड हलके होई आणि चाके रस्त्याची पकड सैल करीत. साडेतीनशे अश्वशक्तीच्या पहिल्या आवृत्तीनंतर 1968 च्या अखेरीस 370 ची ‘एस’ आली, आणि 1971 मध्ये 385 ची, मागून रुंद व पुष्कळच शहाणी झालेली ‘एसव्ही’. या शहाणपणात त्या पापण्या मात्र गेल्या. मला त्या अजूनही हव्याशा वाटतात. अखेरच्या काही गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेलही वेगळे झाले.

परंतु ‘एसव्ही’ जिनिव्हात आली त्याच प्रदर्शनात गांदिनीनेच रेखाटलेली तिची वारसदार गाडी कुंताश झळकली होती. 1973 मध्ये मिउरा बंद झाली. साडेसातशेंहून थोड्या अधिक गाड्या निघाल्या. त्यांत ‘एसव्ही’ अवघ्या दीडशे.