हुकूम कोणाचा चालतो?

संगणकांच्या जाळ्यातील स्विच म्हणजे रेल्वेचा सांधेवाला. माहितीचे पाकीट कोणत्या वाटेने सोडायचे, हे पूर्वी तो स्वतःच ठरवी. 2008 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘ओपनफ्लो’ आले आणि हा अधिकार ‘कंट्रोलर’ या मध्यवर्ती प्रोग्रॅमकडे गेला. त्याचे अ‍ॅप्लिकेशन लिहायचे म्हणजे सांधेवाल्यांना हुकूम लिहून द्यायचे: अमुक पत्त्याचे पाकीट तमुक दाराने सोडा. अनोळखी पाकिटाबद्दल वर विचारा, हाही हुकूमच. 2012 च्या 1.3 आवृत्तीत तो दिला नसेल, तर पाकीट एरवी निमूट टाकून दिले जाते.

खरी मेख पुढेच आहे. एका अ‍ॅप्लिकेशनने वाट अडविली आणि दुसऱ्याने तीच उघडली, तर? (दोन चिटणीसांनी दोन पत्रके काढावीत, तसलेच हे!) स्विच न्यायनिवाडा करीत नाही, ज्या हुकमाचा अग्रक्रमांक मोठा, तोच चालतो. तेव्हा हे अंक कोणी वाटायचे, ते पहिली ओळ लिहिण्याआधीच ठरवावे लागते.