उकाडा आणि वळीव : आधी माणूस, मग माल

एप्रिल आणि मे हे दोन महिने कापडाच्या धंद्यात कमाईचे. लग्नसराई असते, शाळेच्या गणवेशाची खरेदी सुरू होते, मुंबईत राहणारी माणसे सुटीत गावी येतात. वर्षभराच्या विक्रीचा मोठा हिस्सा या दिवसांत गल्ल्यात येतो. पण हेच दोन महिने उकाड्याचे आणि वळवाच्या पावसाचेही आहेत. कमाई आणि नुकसान दोन्ही एकाच दाराने येतात. म्हणून या वेळी भाव, उधारी आणि बाजाराची गोष्ट बाजूला ठेवून हवेची गोष्ट करावी असे आम्हाला वाटले.

आमचे राहते घर माकुणसारला. धंद्यानिमित्त पालघर आणि बोईसरला रोजचे जाणे-येणे. या पट्ट्यात एका बाजूला समुद्र आणि खाड्या, दुसऱ्या बाजूला डोंगर. मध्ये तारापूरची औद्योगिक वसाहत, रंगाईचे कारखाने आणि पत्र्याची गोदामे. इथला उकाडा कसा आहे हे समजून घेतले नाही तर त्यावरचे उपायही चुकतात.

मालेगावचा उपाय बोईसरला चालत नाही

मालेगावचे एक व्यापारी स्नेही मागे मे महिन्यात आमच्याकडे आले होते. त्यांच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. आमच्याकडे त्या दिवशी ३५ होता. तरी दुपारी दोन वाजता ते म्हणाले, ''आमचे ऊन बरे, तुमची सावली नको.'' गमतीने बोलले, पण बोलले ते खरे.

माणसाचे शरीर घामाने थंड होत नाही, घाम वाळण्याने थंड होते. मालेगाव, नागपूर, जळगावकडे हवा कोरडी असते. घाम आला की वाळतो आणि अंगातली उष्णता घेऊन जातो. आपल्याकडे समुद्राची ओल हवेत इतकी असते की घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. सदरा भिजतो, अंग तापलेलेच राहते. त्यामुळे आपल्याकडचे ३६ अंश तिकडच्या ४२ इतकेच भारी पडू शकतात. हवामान खात्यानेही हा भेद मानला आहे. मैदानी भागात पारा निदान ४० अंशांवर गेल्यावर उष्णतेच्या लाटेचा विचार होतो. किनारपट्टीवर मात्र ३७ अंश आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त एवढ्यावरही लाट जाहीर होऊ शकते.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. पाण्यावर चालणारा कूलर मालेगावात उत्तम काम करतो, कारण तिथली हवा पाणी पिऊन घेते. बोईसरच्या बंद गोदामात तोच कूलर लावला तर हवेत आणखी ओल वाढते, माणूस अधिक घामेजतो आणि वर कापडाला बाधते. आपल्याकडे वारा खेळता ठेवणे हाच पहिला उपाय. समोरासमोर दोन दारे किंवा खिडक्या उघड्या, वरच्या बाजूला गरम हवा बाहेर काढणारा पंखा आणि पत्र्यावर बाहेरून पांढरा रंग किंवा चुना. पांढरा पत्रा ऊन परत फेकतो. हा खर्च फारसा नाही आणि आतला फरक हाताला कळतो.

आपल्याकडे दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि थोडा दिलासा मिळतो. ज्या दिवशी पूर्वेकडचा गरम वारा जोर धरतो आणि समुद्राचा वारा उशिरा येतो, तो दिवस सर्वांत वाईट. सकाळी अकरापर्यंत समुद्राकडची झुळूक आली नाही, तर त्या दिवशी माल उतरवण्याचे काम संध्याकाळवर ढकलावे.

आमची एक चूक

हे सर्व आम्हाला आधीपासून माहीत होते, असे नाही. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात लग्नसराईचा माल घेऊन टेम्पो दुपारी तीनला गोदामाशी आला. डोंगराच्या बाजूला ढग काळे होऊ लागले होते. माल भिजेल या धास्तीने आम्ही हमालांच्या मागे लागलो. त्यांच्यातला एक पन्नाशीचा, आमच्याकडे जुना माणूस. तो मध्येच गठ्ठा खाली ठेवून काहीतरी असंबद्ध बोलू लागला. आम्हाला वाटले दमला असेल. आम्ही त्याला आतच, पत्र्याखाली बसवले आणि चहा मागवला. दोन्ही गोष्टी चुकीच्या.

त्या वेळी दुकानात आलेल्या एका परिचारिका बाईंनी ते पाहिले. त्यांनी त्याला बाहेर सावलीत, वाऱ्यावर आणवले, अंगावर बादलीभर पाणी ओतवले, शेजारच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणवून मानेशी आणि काखेत ठेवला आणि रिक्षा मागवून दवाखान्यात नेले. तो माणूस वाचला. पण जड ओझे उचलण्याची ताकद पुन्हा पूर्वीसारखी आली नाही. त्याच संध्याकाळी वळीव आला आणि अकरा तागे भिजले. ताग्यांचा तोटा आम्ही त्याच मोसमात भरून काढला. त्या माणसाचा तोटा कोणत्या खात्यात मांडावा हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

ओळखायचे कसे, करायचे काय

खूप घाम, चक्कर, पायात गोळे, मळमळ, डोके दुखणे ही दमणुकीची खूण. काम थांबवून सावलीत पडावे, पाणी आणि मीठ-साखर घ्यावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. तहान लागण्याची वाट पाहू नये. ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांनी याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, बेशुद्ध पडला, अंग १०४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त तापले, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, हे ध्यानात ठेवावे. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत हात बांधून बसू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावे, पंखा घालावा, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये.

आपल्या किनाऱ्यावर उष्माघात होत नाही या समजुतीत कोणी राहू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन् तास उघड्या मैदानात बसले होते. त्यांतले १४ जण उष्माघाताने दगावले. खारघर काही चंद्रपूर नव्हे, तेही खाडीकाठचेच.

थंड मुलखाचेही आता तसेच झाले आहे. विलायतेत १९ जुलै २०२२ रोजी कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंशांची नोंद झाली. त्या देशात ४० अंश प्रथमच. घरे थंडीसाठी बांधलेली, उष्णता आत कोंडून ठेवणारी, छताला पंखे नाहीत. आदल्याच दिवशी लूटनच्या विमानतळावर धावपट्टीचा पृष्ठभाग उन्हाने खराब होऊन विमाने थांबवावी लागली होती. तिकडेही पुष्कळदा असा उष्मा मोडतो तो ढगांच्या गडगडाटानेच. सवय नसलेल्या जागी ऊन जास्त मारते. आमच्या मते हाच नियम नव्या कामगाराला लागू आहे. जो माणूस पहिल्यांदाच पत्र्याखाली काम करतो, त्याला पहिले आठ-दहा दिवस निम्मेच काम द्यावे.

वळीव कुठून येतो

जी ओल आपला घाम वाळू देत नाही, तीच ओल वळवाचे भांडवल आहे. दिवसभर जमीन तापते, समुद्राचा वारा ओल आत घेऊन येतो, ती गरम ओली हवा डोंगराच्या अंगाने वर चढते. वर गार झाली की ढग बनतो आणि हा ढग दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहूनही उंच वाढू शकतो. आतल्या बर्फाच्या कणांची आणि गारांची एकमेकांशी टक्कर होऊन वीज साठते.

पाऊस सुरू झाला की ढगातली हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चारी दिशांना धावते. म्हणूनच पावसाच्या थोडे आधी तो थंड, धुळीचा झोत येतो. लोकांना तो सुखाचा वाटतो. व्यापाऱ्याने ती शेवटची घंटा समजावी. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला अशाच वादळी वाऱ्यात १२० फूट लांब-रुंद जाहिरातीचा फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसे मेली. आपल्या दुकानाची पाटी, पुढचा पत्रा आणि ताडपत्री यांचे खिळे आणि दोऱ्या एप्रिलातच तपासाव्यात. वारा सुटल्यावर शिडीवर माणूस चढवू नये.

विजेपासून बचाव

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम बंद करून पक्क्या इमारतीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली, उघड्या शेडमध्ये, मोटारसायकलवर थांबू नये. सर्व काचा लावलेली चारचाकी गाडी चालते.

दुकानात लोखंडी शटरला, नळाला, तारेला हात लावू नये. मोबाईलमुळे वीज पडते ही समजूत खरी नाही, पण चार्जरला लावलेला मोबाईल हातात धरू नये. बिलाचे यंत्र, संगणक आणि शिलाई यंत्रांच्या मोटारी यांचे प्लग ढग दिसताच काढावेत. गडगडाट डोक्यावर आल्यावर काढायला जाऊ नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावून मदत करता येते. श्वास आणि नाडी बंद असेल तर छाती दाबणे ताबडतोब सुरू करावे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाईल अॅप आसपासच्या विजेची सूचना देते. गोदामातल्या एका तरी माणसाच्या मोबाईलमध्ये ते असावे.

आता माल

कापूस हवेतले पाणी ओढतो. साधारण हवेत १०० किलो कोरड्या कापसात साडेआठ किलो पाणी असते, व्हिस्कोसमध्ये त्याहून जास्त, पॉलिस्टरमध्ये अर्धा किलोही नाही. म्हणून सुती आणि व्हिस्कोसचे तागे भिंतीला आणि जमिनीला टेकवू नयेत. खाली निदान सहा इंच फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर ठेवावे. सूत वजनावर घेणाऱ्यांनी दमट दिवसांत आपण पाण्याचे पैसे तर देत नाही ना, हे पाहावे.

माल भिजलाच तर ढीग करून ठेवू नये. उकाड्यात एक-दोन दिवसांतच बुरशी धरते. पांढरा आणि रंगीत माल त्याच तासाला वेगळा करावा, तागे उलगडून सावलीत पंख्याखाली वाळवावेत. कोरडा दिसणारा मधला तागाही उलगडून पाहावा. हे फक्त कापडवाल्यांचे नाही. सातपाटीला वाळत घातलेले बोंबील, वीटभट्टीच्या कच्च्या विटा, चिंचणी-तारापूरकडच्या डाय बनवणाऱ्या कारागिरांचे लोखंड, सर्वांचे शत्रू एकच. आणि पावसाला जून उजाडावा लागत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. मे अखेरीला पत्रे बसवू म्हणून थांबलेल्यांना ती संधी मिळाली नाही. पन्हळी साफ करणे, पत्र्यांची भोके बुजवणे हे काम एप्रिल संपण्याआधी उरकावे.

शेवटची गोष्ट विम्याची. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही पॉलिसी आहे. एका जागेवरील एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती घेता येते. आगीबरोबर वीज, वादळ आणि पूर यांचे नुकसान तीत येते. मात्र विजेच्या दाबाने मोटार किंवा यंत्र जळाल्यास काय, हे एजंटाकडून आधी लेखी समजून घ्यावे. दुसऱ्याचा माल आपल्याकडे कामासाठी आला असेल तर तोही पॉलिसीत लिहून घ्यावा. हंगामात माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवावी. नुकसान झाल्यावर फोटो काढून कंपनीला कळवल्याशिवाय भिजलेला माल हलवून विकू नये.

विमा मालाची भरपाई देतो. म्हणून ढग दिसल्यावर धावपळ करताना आम्ही आता आधी माणसे मोजतो, मग तागे. दुपारी बारा ते चार गोदामात ओझी उचलणे बंद आणि दारात पाण्याचा माठ भरलेला, एवढा नियम आम्ही केला आहे. त्यामुळे टेम्पोवाल्याचे दोन बोल ऐकावे लागतात आणि माल चार तास उशिरा लागतो. या नियमाने आमचे गिऱ्हाईक मात्र अजून एकही तुटलेले नाही.