‘लाइकली’ या शब्दाचे वजन

मृग नक्षत्र जवळ आले की रिसोड तालुक्यातले केनवड असो की वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव असो, पारावर एकच विषय निघतो. पाणी कधी येते? वखरणी झालेली असते, सोयाबीनचे बियाणे घरात येऊन पडलेले असते. अशा वेळी कोणीतरी सांगतो, “चार दिवसांत पाणी येते म्हणे.” ऐकणारा पुढच्याला सांगतो, “चार दिवसांत पाणी येते.” आणि तो घरी जाऊन म्हणतो, “पाणी येतेच आहे, पेरणीची तयारी करा!”

शेतकरी बंधुभगिनींनो, पारावरून घरी येईपर्यंत मधला एक लहानसा शब्द गळून पडला. तो शब्द ‘म्हणे’. हे मी ऐकले आहे, माझी हमी नाही, एवढा सगळा अर्थ आपल्या मराठीने या एका शब्दात भरून ठेवला आहे. तो गळाला की शंकेची खात्री होते आणि त्या खात्रीवर बियाणे मातीत जाते.

हवामान खात्याच्या अंदाजाचेही असेच होते. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याचे नागपूरला प्रादेशिक केंद्र आहे आणि आपल्या विदर्भाचा अंदाज तेथून निघतो. इंग्रजी पत्रकात ‘लाइकली’, ‘व्हेरी लाइकली’ आणि ‘मोस्ट लाइकली’ असे शब्द येतात. ते कोणी सहज लिहिलेले नसतात. खात्याने प्रत्येक शब्दाचे वजन ठरवून दिले आहे. नुसते ‘लाइकली’ म्हणजे शंभरात २५ ते ५०. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५. ‘मोस्ट लाइकली’ म्हणजे ७५ च्या वर.

आता हिशोब करून पाहा. ‘लाइकली’ असे चार वेळा सांगितले, तर पाऊस एकदा किंवा फार तर दोनदा यायचा. म्हणजे न येण्याचीच बाजू जड! पण मराठीत बातमी येता येता या तिन्ही शब्दांचे पुष्कळदा एकच होते : ‘पावसाची शक्यता’. पाव शेर आणि पाऊण शेर एकाच मापाने मोजावे, तसा हा प्रकार होतो.

दुसरा शब्द ‘तुरळक ठिकाणी’. अंदाज ज्या भागासाठी असतो, तेथल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस, असा त्याचा अर्थ. ‘तुरळक ठिकाणी शक्यता’ म्हटले की शंका दुहेरी झाली. पाऊस येईल की नाही ही एक, आणि आलाच तर आपल्या शिवारात येईल की नाही ही दुसरी.

तिसरी गोष्ट पावसाच्या प्रमाणाची. खात्याच्या भाषेत ‘हलका पाऊस’ म्हणजे दिवसभरात अडीच ते साडेपंधरा मिलिमीटर. सोयाबीन पेरायला मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल पाहिजे. तेव्हा हलक्या पावसाचा अंदाज अगदी खरा ठरला, तरी तेवढ्याने पेरणीजोगी ओल होत नाही. वरची माती भिजते, बियाणे फुगते आणि पुढे उघाड पडली की कोंब मातीतच वाळतो. मग दुबार पेरणी. एकरी ३० किलोप्रमाणे पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी, आणि हातून गेलेले दिवस वेगळेच. अशा वेळी ‘खाते खोटे बोलले’ म्हणून आपण रागावतो. पुष्कळदा खात्याने शंका सांगितलेली असते. ती वाटेत आपल्याच हातून सांडते.

म्हणून अंदाज कानी आला की तीन प्रश्न विचारावेत. खात्री किती? किती ठिकाणी? आणि पाऊस किती? घरात इंग्रजी शिकणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर फोनवरचे मूळ पत्रक त्यांच्याकडून वाचून घ्यावे. ‘लाइकली’च्या आधी ‘व्हेरी’ आहे की ‘मोस्ट’ आहे, एवढे त्यांनी पाहिले तरी मोठे काम झाले. अडले तर आपल्याच तालुक्यात करडा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे विचारावे.

पडलेला पाऊस घरीही मोजता येतो. सरळ बाजूंचा डबा अंगणात उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवावा. रोज सकाळी त्यात पट्टी बुडवून पाणी मोजावे, वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. रोजची बेरीज साडेसात सेंटिमीटरवर गेली, की ७५ मिलिमीटर झाले असे समजावे. ही वही मायबहिणींनी सांभाळली तर फारच चांगले, कारण बियाण्याच्या पैशाची ओढाताण त्यांनाच अधिक ठाऊक असते.

आणि कोणी छातीठोकपणे “अमुक तारखेला येणारच” असे सांगू लागला, तर त्याच्याकडेच जरा संशयाने पाहावे. जाणकार माणूस अंदाज सांगताना शंकेला जागा ठेवतो. आपणही शेजाऱ्याला सांगताना ती जागा ठेवावी. ‘पाणी येते’ असे न म्हणता, ‘चारातून दोनदा येईल असे खाते म्हणते’ असे सांगावे. चार शब्द जास्त लागतील, पण एखाद्याचे बियाणे वाचेल.