घडीव आणि ओतीव

पुण्याला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात काही वर्षांपूर्वी एका रविवारी मी पाइप पाना शोधत फिरत होतो. पाना मिळाला नाही. मिळाल्या त्या सुतळीने बांधलेल्या आठ लोखंडी काठ्या. विकणाऱ्याच्या मते त्या हॉकीच्या होत्या. मी एक हातात घेऊन उलटी केली. मानेपाशी क्रोमचा मुलामा उडाला होता आणि खाली तांबूस गंज दिसत होता. दुसऱ्या कुणी ती तिथेच ठेवली असती. मी मात्र बाराशे रुपये मोजले आणि गठ्ठा स्कूटरला बांधून घरी आणला.

त्या गंजाचे मला अप्रूप का वाटले, ते सांगतो. माझी सारी नोकरी फोर्जिंगच्या कारखान्यात गेली. फोर्जिंग म्हटले की पुणेकरांना १९६१ साली स्थापन झालेली भारत फोर्ज आठवते. आमचा कारखाना त्यापुढे अगदीच छोटा, पण काम तेच. पोलादाचा तुकडा भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचा, खालच्या डायवर ठेवायचा आणि वरून हॅमरचा दणका द्यायचा. लोखंड साच्यात पसरते, कडेने बाहेर आलेला जादा भाग छाटून टाकायचा. ट्रकचा क्रँकशाफ्ट असा घडतो, आणि गोल्फच्या जुन्या आयर्नचे डोकेही असेच घडत असे. त्यासाठी वापरत ते मऊ, कमी कार्बनचे पोलाद. ते गंजते, म्हणून त्यावर निकेल आणि क्रोमचा मुलामा देतात. म्हणजे मानेवरचा गंज हा घडीव मालाचा दाखलाच होता. काही जण चुंबक लावून पाहा म्हणतात. त्याचा उपयोग नाही, कारण ओतीव आयर्नचे नेहमीचे स्टेनलेस पोलादही चुंबकाला चिकटते.

गोल्फच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त १४ काठ्या असतात. त्यांतल्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात आणि त्यांना आकडे असतात. आकडा वाढतो तशी काठी आखूड होते, तिचे तोंड जास्त कलते, चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. जुन्या आयर्नचे डोके सुरीच्या पात्यासारखे, पाठ सपाट, सगळे वजन मधोमध. म्हणून त्यांना ब्लेड म्हणतात. बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५३ मध्ये स्वतःचा कारखाना काढला, तेव्हा पहिली खेप मनासारखी उतरली नाही म्हणून त्याने ती भंगारात काढली. आमच्या इन्स्पेक्शन खात्यात हा माणूस शोभला असता.

मग ब्लेड मागे का पडली? जनरल इलेक्ट्रिकमधल्या कार्स्टन सोल्हाइम नावाच्या इंजिनिअरने डोक्याच्या पाठीत खळगा केला आणि मधले वजन काढून कडेला नेले. दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब काठी धरते ना, तीच युक्ती. वजन टोकांना गेले की वस्तू सहजी फिरत नाही. चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी असले डोके कमी वळते आणि फटका पदरात पडतो. त्याच्या पिंग कंपनीची १९८२ ची 'आय टू' आयर्न जगभर खपली. ती घडीव नव्हती, ओतीव होती. मेणाची प्रतिकृती करायची, तिच्याभोवती कवच चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती अशाच ओततात. म्हणजे नवी म्हणून मिरवलेली ही आयर्न ज्या रीतीने होतात ती रीत हजारो वर्षांची. मला याची गंमत वाटते.

जुना संच घ्यायचाच असेल, तर आधी सगळ्या काठ्या ओळीने उभ्या कराव्यात. प्रत्येक काठी शेजारचीपेक्षा साधारण अर्धा इंच आखूड हवी. तसे नसेल तर कुणीतरी दांडा बदललेला आहे. माझ्या आठांत आठ नंबरची उपरी निघाली. दांडा आतून गंजलेला असू शकतो, म्हणून वाकवून पाहावा. रबरी मूठ कडक झालेली असते, ती बदलायचीच. आणि मुलामा उडाला असला तरी राहू द्यावा! मी शहाणपणा करून सगळी डोकी एका पॉलिशवाल्याकडे नव्या क्रोमसाठी दिली. परत आली ती आरशासारखी. पण त्याने बफिंग इतके केले की तोंडावरच्या खाचा बोथट झाल्या आणि प्रत्येक डोक्याचे वजन काही ग्रॅमने घटले. चेंडूला फिरकी बसते ती मुख्यतः या खाचांमुळे, विशेषतः तोंड ओले असताना. बाराशेच्या मालावर मी तीन हजार रुपये खर्चून तो बिघडवला. आयुष्यभर दुसऱ्यांचे काम तपासत आलो, त्याची ही बक्षिशी.

आमचे जावई मुळशी तालुक्यात लवळ्याच्या डोंगरातल्या मैदानावर खेळतात. मी त्यांचा पाहुणा. पहिल्या दिवशी माझा सात नंबरचा फटका त्यांच्यापेक्षा वीस-पंचवीस यार्ड मागे पडला. वय झाले, असे मी म्हटले. जवळच्याच गावातला कॅडी म्हणाला, "काका, सातची नको, पाचची घ्या. तुमची सात म्हणजे साहेबांची नऊ." घरी येऊन मी कोन मोजले. माझ्या सातच्या तोंडाचा कल ३८ अंश, जावयांच्या सातचा ३०. माझी पाच भरली ३१. गेल्या चार-पाच दशकांत कंपन्यांनी तोंडे उभी करत आणली आणि आकडे मात्र तेच ठेवले. वीस यार्डांतले बरेचसे असे आकड्यातच गेले होते.

आता मूळ मुद्दा. घडीव आयर्नचा स्पर्श मऊ असतो असे गोल्फवाले सांगतात आणि त्याचे श्रेय घडाईने जुळून आलेल्या धातूच्या रेषांना देतात. क्रँकशाफ्टमध्ये त्या रेषांना फार मोल असते. तो लाखो वेळा पिळला जातो आणि तुटता कामा नये. पण गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमचा, आणि तो तोंडाला चिकटतो सेकंदाचा सुमारे दोन हजारावा भाग. तेवढ्यात त्याला रेषा कुठून कळणार? मात्र फटका मधोमध लागला की मलाही तो मऊपणा जाणवे, आणि त्याचे काही केल्या उत्तर सापडेना.

उत्तर सापडले ते कानामुळे. हॅमरजवळ वर्षे काढलेल्या माणसाच्या कानाचे काय होते, ते आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. सुरुवातीच्या काळात आम्ही कापसाचे बोळे घालायचो, तेही आठवण राहिली तर. आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. बायकोची बांगडी, कुकरची शिट्टी, नातवंडांचे बोलणे. आता माझ्या दोन्ही कानांत यंत्र असते. एकदा सरावाला पावसाची सर आली म्हणून मी यंत्रे काढून खिशात टाकली आणि नंतर तसाच खेळत राहिलो. ब्लेडचा मऊपणा नाहीसा झाला. जावयांची ओतीव सात मागून घेतली. मधोमध बसलेला फटका दोन्हींचा सारखाच वाटला. फरक उरला तो चुकलेल्या फटक्यांत. ब्लेडच्या टोकाला चेंडू लागला की कोपरापर्यंत झिणझिणी येई, ओतीव काठीने तेवढी येत नसे. म्हणजे मऊपणा बराचसा आवाजात होता, आणि झिणझिणीचा संबंध वजन कुठे ठेवले आहे त्याच्याशी होता. घणाखाली घडवल्याचा त्यात फारसा वाटा नव्हता. पस्तीस वर्षे ज्या कामाचा अभिमान बाळगला, त्याबद्दल हे मान्य करायला मला आठवडा लागला.

नवशिक्याने म्हणून अख्खा संच घेऊ नये. एक जुनी सात किंवा आठ घ्यावी, सरावाला वापरावी. चेंडू कुठे लागला ते ती लगेच सांगते. तीन नंबरची ब्लेड मात्र कुणाच्या हाती देऊ नये. मी ती छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवली आहे. पावसाळ्यात मुळशीकडून येताना पिशवी ओली होते, तेव्हा घरी आल्यावर फडक्याने पुसून मानेवर मशीनचे तेल लावतो.

खेळायला जाताना यंत्रे आठवणीने लावतो. जावयांना वाटते, त्यांच्या सूचना ऐकू याव्यात म्हणून.